कवळीवाल्याची मोटरसायकल

कवळी बनवणाऱ्याला तोंड दिसत नाही. दाताच्या डॉक्टरकडून त्याच्याकडे येतात ते प्लास्टरचे साचे आणि दातांच्या रंगाचा नंबर. त्यावरून तो मेणात हिरड्या उभ्या करतो, एकेक दात रोवतो, मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरतो, शिजवतो, घासतो, चकाकी आणतो आणि डबीत घालून परत पाठवतो. डबीवर नाव असतं डॉक्टरचं. कवळी बसवताना पेशंटला कुठे टोचतंय ते बघून डॉक्टर ती दोन-चार ठिकाणी घासतो. हे घासणं या कवळीवाल्याला कधीच पटलं नाही. आपण बरोबर करून दिलेलं असतं आणि हे लोक बिघडवतात, असं तो म्हणायचा.

पन्नाशी ओलांडलेला हा माणूस घराच्या पुढच्या खोलीत काम करतो. खिडकीखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, पॉलिशची छोटी मोटर, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. आलेला पाहुणा शक्यतो त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

एकदा सकाळी चूळ भरून त्यानं मान वर केली आणि मोरी गरगर फिरली. कानाच्या डॉक्टरनं सांगितलं की दोष कानाच्या आतल्या भागात आहे. चक्कर अधूनमधून येत राहील, दुचाकी चालवायची नाही. तोवर तो दाताच्या डॉक्टरांकडचे साचे जुन्या मोटरसायकलवरून गोळा करून आणायचा. ती गाडी मेव्हण्याच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पडली. आणि गाडी चालवणं बंद झालं त्याच वर्षी यानं तिच्या इंजिनाभोवती नवी गाडी बांधायला घेतली.

का, ते त्याला आजही सांगता येत नाही. मेव्हण्याला त्यानं सांगितलं की इंजिन नुसतं गंजून जाईल. बायकोला म्हणाला, हाताला काहीतरी हवं. शेजाऱ्यांना सांगितलेलं कारण आणखी तिसरंच होतं. तिन्ही खरी नव्हती, आणि खरं कुठलं हे आठवायला बसलं की त्याचा आणखी गोंधळ होतो.

गाडी आजोबांच्या काळातली वाटावी अशी हवी होती. दोन नळ्यांच्या मधे बसवलेली चपटी टाकी, पुढच्या चाकाला बारीक नळ्यांचा फोर्क आणि त्यावर एकच मोठी स्प्रिंग, गिअर पायात नव्हे तर टाकीशेजारी, हातानं टाकायचा. एखाद्या जुन्या गाडीची ही नक्कल नव्हती. अशी गाडी कधी झालीच नव्हती, पण होऊन गेल्यासारखी मात्र दिसत होती.

मापं त्यानं स्वतःच्या अंगावरून घेतली. दुकानात स्टूल ठेवून त्यावर तो बसला, हँडल म्हणून झाडू धरला आणि मेव्हण्यानं टेपनं हात, मांड्या, पाय मोजले. "भाऊजी, झाडू घट्ट धरा, वळण येतंय," मेव्हणा म्हणाला. कवळीवाला हसला नाही. मापाच्या वेळी तो हसत नाही.

फ्रेम मेव्हण्यानं जोडली. बाकी बरंच काम जबड्यांच्या फळीखाली झालं. दातांसाठी जे करतो तेच त्यानं पितळेसाठी केलं: मेणाचा नमुना, त्याभोवती प्लास्टर, भट्टीत मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. टाकीचं झाकण, लिव्हर, दिव्याचं कडं, फूटरेस्ट सगळं असंच ओतलं. झाकणाच्या कडा त्यानं मुद्दाम झिजवल्या. साठीच्या तोंडात सोळाव्या वर्षाचे दात बसवत नाहीत, हा त्याचा धंद्यातला नियम. गिअरच्या दांड्यावरचा गोळा तेवढा तात्पुरता म्हणून उरलेल्या अ‍ॅक्रिलिकचा केला, हिरडीच्या रंगाचा. तो बदलायचा राहून गेला.

चालवून बघायचं काम बायकोकडे आलं. ती तपासणीसाठी रक्त घ्यायला घरोघरी जाते, दिवसभर स्कूटरवर असते. गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ती गाडी घेऊन जायची आणि हा टोकाला उभा राहायचा. ती परत आली की विचारायचा, कुठला नट वाजतोय का, तेल गळलं का, धूर कसला होता. वळणावर ती फार हळू जायची. घाबरते, असं तो धरून चालला होता.

पहिलं प्रदर्शन एका मोठ्या हॉलमध्ये झालं. लोकांनी आपापल्या हातांनी नटवलेल्या गाड्या सतरंजीवर, दोरीपलीकडे उभ्या. प्रत्येक जण विचारत होता, कुठल्या सालची? तो सांगायचा, गेल्या वर्षीची. एका गृहस्थानं त्याला झाकणाची झीज दाखवून समजावलं की गाडी बरीच जुनी आहे, तुम्हाला विकणाऱ्यानं नीट सांगितलेलं दिसत नाही. मग परीक्षक बाई आल्या. त्यांनी वाकून सगळं पाहिलं आणि विचारलं, "चालते कशी?"

"चांगली चालते म्हणतात," तो म्हणाला.

"कोण म्हणतात?"

"घरचे."

बाई हसल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. त्यालाही हसू आलं, पण घरी आल्यावर तो त्या उत्तरात अडकून राहिला.

त्यानंतरच्या महिन्यांत एक विचित्र गोष्ट सुरू झाली. पॉलिश करायला दुकानात गेलं की गाडी ठेवली होती तशी वाटेना. फूटरेस्ट जरा मागे गेल्यासारखं दिसे. हँडल खाली आल्यासारखं. बोटभर फरक, आहे म्हटला तर आहे, नाही म्हटला तर नाही. नळीवरचा रंग ताजा वाटायचा, पण मेव्हण्याच्या दुकानात रंग कायम कशावर तरी उडालेलाच असतो. मापाच्या बाबतीत आजवर नजर चुकली नव्हती, म्हणजे आता चुकायला लागली, असं त्यानं ठरवलं. कान बिघडला की डोळेही फसवतात, हे त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. एका डॉक्टरकडे गेलेली कवळी त्याच सुमारास नीट बसत नाही म्हणून परत आली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन त्यानं पुन्हा सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, होतं तसंच आहे. मग गाडी का हलते, हे डॉक्टरला कसं विचारणार? दात बोटभर नव्हे, केसभर सरकला तरी पेशंटला जेवता येत नाही. नजरच गेली तर धंदा गेला.

अशा मनःस्थितीत दुसऱ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. हे उघड्या मैदानावर होतं आणि घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळा नियम होता. आयोजकानं फोनवर सांगितलं की मागच्या खेपेला दोघांनी विकत घेतलेल्या गाड्या स्वतःच्या म्हणून उभ्या केल्या. म्हणून आता ज्यानं बांधली त्यानंच मैदानाला एक फेरी मारून दाखवायची. कार्डावर नाव त्याचंच लागेल.

आयुष्यभर त्यानं केलेलं काम दुसऱ्याच्या नावाच्या डबीतून गेलं होतं. हे कार्ड त्याला हवं होतं. कानाबद्दल तो फोनवर काही बोलला नाही. घरी सांगितलं, मी चालवणार. बायकोनं विचारलं, पडलात तर? तो म्हणाला, एकच तर फेरी आहे. यावर तिनं भावाकडे पाहिलं. मेव्हणा फळीवरचे जबडे बघत बसला, आणि एरवी तो त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

मैदानावर टायर मांडून रस्ता आखला होता. आपला नंबर जवळ आल्यावर कवळीवाला गाडीवर बसला. झाडू धरून बसला होता त्यानंतर पहिल्यांदाच. पाय उचलून फूटरेस्टवर ठेवायला गेला, तिथे काही नव्हतं. क्लचची लिव्हर बोटांना हवी तिथे नव्हती, फार जवळ होती. गुडघा टाकीला टेकला. त्यानं डोळे मिटले, उघडले. मान तर त्यानं हलवली नव्हती.

बायको हँडल धरून उभी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "मला चक्कर येतेय. फूटरेस्ट मागे लागतंय."

"चक्कर नाही," ती म्हणाली. "मागेच आहे ते."

त्याला कळलं नाही. तिनं खाली बघत सांगितलं की पहिल्या प्रदर्शनानंतर तिनं एकेक गोष्ट बदलून घेतली होती. वळणावर गाडी एकदम आतल्या बाजूला पडायला बघायची, मनगटं भरून यायची, ब्रेकवर पाय वेळेत पोचत नव्हता. फूटरेस्ट मागे घेतलं, हँडल खाली आणलं, लिव्हर वाकवली, सीटची स्प्रिंग नरम टाकली.

त्यानं मेव्हण्याकडे पाहिलं. "मी फक्त वेल्डिंग केलं," मेव्हणा म्हणाला. "ताईनं बोलू नको म्हणून बजावलं होतं. आणि ताईपुढे माझं काही चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, भाऊजी. तुमचंही चालत नाही."

"मी कान तपासून आलो," कवळीवाला बायकोला म्हणाला. "परत. सगळा."

"मला वाटलं नेहमीची तपासणी." ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही सगळं होतं तसं करून ठेवलं असतं."

त्यानं विचार केला. केलं असतं. डोळे शाबूत आहेत म्हणून बरं वाटत होतं, आणि राग येत होता, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतंय हे लक्षात येत नव्हतं. तेवढ्यात नंबर पुकारला गेला. तो गाडीवरून उतरला. उतरताना काही ठरवलं नव्हतं, एवढंच तो सांगतो.

ती बसली, किक मारली आणि निघाली. वळण आलं तशी गाडी कलली, आणि ती हळू झाली नाही. पुढच्या वळणालाही नाही. तो बघत राहिला. गोदामांच्या मागे ती घाबरून हळू जात नव्हती, हे त्याला तिथे, टायरच्या कडेला उभं असताना कळलं.

परीक्षक बाई त्याच होत्या. आधी त्यांनी बायकोला विचारलं, बांधली कोणी? तिनं नवऱ्याकडे बोट केलं. मग त्यांनी विचारलं, चालते कशी? यावर ती बोलायला लागली ती थांबेना. कवळीवाला शेजारी उभा राहून परक्याच्या गाडीबद्दल ऐकावं तसं ऐकत होता. बांधणारा वेगळा, चालवणारी वेगळी, तरी गाडी घरचीच आहे हे पटल्यावर शेवटी आयोजक कार्ड घेऊन पुढे आला. एकच नाव मावणार होतं.

"यांचं लिहा," बायको म्हणाली.

"थांबा," तो म्हणाला. सगळे थांबले. "जिनं चालवली तिचं लिहा. फेरी मारणाऱ्याचं नाव, नियम तोच आहे ना?"

हे मनापासून होतं की रागानं, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही.

दिवसभर तिच्या नावाच्या कार्डाशेजारी तो उभा राहिला. लोकांना सगळ्यात आवडला तो गुलाबी गोळा. एकानं कवळीवाल्याला विचारलं, यांना तुम्ही मदत केली का? तो म्हणाला, थोडीफार. करता काय तुम्ही? कवळ्या, त्यानं सांगितलं. विचारणारा गोळ्याकडे बघून जरा मागे सरकला. बक्षीस दुसऱ्याच गाडीला गेलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं फूटरेस्ट मागे नेण्यासाठी मेव्हण्यानं जोडलेली ओबडधोबड पट्टी काढली आणि त्या जागी पितळेचा नीट भाग ओतून बसवला, बायकोच्या मापाचा. नट आवळता आवळता त्यानं विचारलं, "चालते कशी?"

ती सांगत होती. अर्धं त्याच्या डोक्यावरून गेलं. परत सांग, तो म्हणाला. तिनं परत सांगितलं. तरी काही उमजेना.

"मागे बसा, मग कळेल," ती म्हणाली.

"मागे सीट नाही."

"तेच म्हणतेय मी."

मागे बसण्याबद्दल कानाचे डॉक्टर काही बोलले नव्हते. त्यानं विचारलंही नव्हतं. दुकानात आता दोन स्टुलं मागे-पुढे मांडली आहेत. पुढच्या स्टुलावर झाडू धरून बायको, मागच्यावर तो, आणि टेप घेऊन मेव्हणा.

"भाऊजी, हात कुठे ठेवणार ते सांगा, म्हणजे माप घेतो."

कवळीवाल्यानं हात मांड्यांवर ठेवले, मग स्टुलाच्या कडेला, मग पुन्हा मांड्यांवर. मेव्हणा टेप उघडून थांबला होता. "ठरवून सांगतो," कवळीवाला म्हणाला.