मावशीच्या वॉकीटॉकीला परवाना लागत नाही

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मारबतीला, सकाळी, तिच्या इतवारीतल्या मिरचीच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

मावशी खाली दुकानात बसते. तिचे यजमान, आमचे काकाजी, वरच्या खोलीत पलंगावर असतात. लकवा झाल्यापासून त्यांचा उजवा हात चालत नाही, आणि मोबाइलची काच डाव्या बोटाला जुमानत नाही. म्हणून मी वॉकीटॉकीची जोडी आणून दिली. एक मोठं बटण, दाबलं की बोलायचं. पल्ला एका गल्लीचा. पाणी, औषध, संडासला न्यायचंय, सगळं त्यावर. काकाजी प्रत्येक वाक्याला "ओव्हर" म्हणत. मावशी म्हणे, "आली ना, थांबा!"

कायदा सांगते, कारण तो कुणी सांगत नाही. ठरलेल्या लहरींवर, ठरलेल्या कमी ताकदीत चालणाऱ्या, सरकारी मंजुरीच्या अशा मशीनला परवाना लागत नाही. त्याबदल्यात दोन गोष्टी पाळायच्या. दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला अडथळा आला तर तक्रार करायची नाही. दुसरी मला जमणारी नाही, पण मशीन मावशीचं आहे.

त्या सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. काळी आणि पिवळी, अशा दोन मारबती, गावाची इडापिडा घेऊन जाणारे प्रचंड पुतळे. त्यांची गाठ पडते ती पाहायला अख्खं नागपूर येतं. काकाजी पलंगाजवळच्या खिडकीतून पाहून खाली कळवत होते. दुकानाच्या सावलीला एक हवालदार टेकला होता, नुकताच दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला. गल्ल्याशेजारचं मशीन खरखरलं.

"काळी निघाली वं. पिवळी येऊन राहिली. ओव्हर."

हवालदार ताठ झाला. "कोण काळी?"

"मारबत," मावशी म्हणाली.

"आणि पिवळी?"

"ते पण मारबतच."

"माल कुठं उतरणार?"

"माल तं भिवापूरचा आहे साहेब. सकाळीच उतरला."

गिऱ्हाइकं हसली. हवालदार हसला नाही.

"हे वायरलेस आहे. लायसन आहे का?"

"नाही बा."

मावशी खरं बोलली. पंचनाम्यात 'विनापरवाना वायरलेस' असं लिहिलं गेलं, खाली तिची सही झाली, मशीन गेलं.

दुसऱ्या दिवशी मी नियमाची प्रत घेऊन ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी ती वाचली. नीट वाचली, हे मान्य करते.

"यात लिहिलंय परवाना लागत नाही."

"हो."

"आणि तुमच्याकडे परवाना नाही."

"लागतच नाही तर कुठून असेल?"

"म्हणजे विनापरवानाच ना, ताई."

"माझ्या मावशीला मिशीही नाही. विनामिशी म्हणून उचलता का?"

साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता. मशीन आता मुद्देमाल आहे, म्हणाले, कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. कोर्टात अर्ज पडून आहे.

त्या सकाळी वरचं मशीन पोलिसांनी नेलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं. काकाजींनाही खालचं गेलेलं माहीत नव्हतं. मावशी पंचनाम्यात आणि नंतर जिन्यापर्यंतच्या गर्दीत अडकलेली, बाहेर ढोल, आणि ते बटण दाबून बोलत राहिले. मावशी वर पोचली तेव्हा गादी ओली होती आणि मशीन त्यांच्या छातीवर होतं.

"काहून येऊन नाही राहिली?" ते म्हणाले. ओव्हर म्हणाले नाहीत.

आता त्यांच्या उशाशी ताट आणि चमचा आहे. ताट वाजलं की मावशी जिना चढते. पाणी हवंय की संडास, ते वर गेल्यावर कळतं. तोवर कधी उशीर झालेला असतो. ताटाला परवाना लागतो का, हे मी विचारलेलं नाही.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर आत्ता उठा आणि त्याच्यावर किंवा डब्यावर मंजुरीचा क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर वापरू नका, तिथं मी तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही. असेल, आणि कुणी लायसन विचारलं, तर 'नाही' म्हणू नका. 'लागत नाही' म्हणा. आणि कागदावर 'विनापरवाना' असेल, तर तो शब्द खोडल्याशिवाय सही करू नका.