रोमन कलशातली नवी राख

"तुम्ही झाकण उघडलं होतंत?" मिस्टर व्हिटकरांनी मला विचारलं.

आमच्या म्युझियमच्या नव्या रोमन दालनाचं नुकतंच उद्घाटन झालं होतं. लोक चीज खात हिंडत होते. मधल्या काचेच्या पेटीत एक संगमरवरी अस्थिकलश होता, चौकोनी, लहान ट्रंकेएवढा. तो व्हिटकरांनीच आम्हाला भेट दिला होता. तपकिरी सूट घातलेले हे ऐंशीच्या घरातले गृहस्थ पेटीपाशी कधीचे उभे होते.

"उघडलं ना," मी ऐटीत म्हणालो. "आतबाहेर स्वच्छ केलाय."

"आतूनसुद्धा?"

"आतून तर आधी."

त्यांचा चेहरा पडला. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे पाहून ते हळूच म्हणाले, "आत माझी बायको होती."

"उद्या चौकशी करून फोन करतो," एवढंच कसंबसं म्हणालो. चौकशी कसली करणार, कपाळ! जे झालं होतं ते माझ्याच हातून झालं होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नागपूरचा केमिस्ट्रीवाला. ओहायोत पीएच.डी.साठी आलो आणि कोलंबसच्या एका म्युझियमच्या लॅबमध्ये कॉन्झर्व्हेटर म्हणून चिकटलो. कॉन्झर्व्हेटर म्हणजे जुन्या वस्तूंचा डॉक्टर. पत्रात आईला असंच समजावलं, तर तिने मी डॉक्टर झाल्याचे पेढे वाटले. माझं काम म्हणजे वस्तू स्वच्छ करायची, तिचं खरं वय ठरवायचं, आणि ती आणखी बिघडणार नाही असं पाहायचं.

व्हिटकरांनी चाळीस वर्षं हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवलं होतं. कलश त्यांच्या बायकोच्या आजोबांनी इटलीहून आणलेला. तो आम्हाला सोपवायला आले, त्या दिवशी त्यांनी तासभर आमचा क्लासच घेतला. रोममध्ये गावाच्या हद्दीत प्रेत पुरायला किंवा जाळायला कायद्याने बंदी होती. म्हणून वेशीबाहेर हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना थडगी असायची आणि त्यांच्यावरचे लेख येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे, की थांब आणि नाव वाच. नाव वाचलं जातंय तोवर माणूस पुरता गेलेला नाही, असं ते लोक मानत. फेब्रुवारीत त्यांचे पितरांचे नऊ दिवस असत. तेव्हा घरचे येऊन कलशाच्या झाकणाला ठेवलेल्या भोकातून आत वाइन ओतायचे.

"आमचा पितृपक्षच की हा," मी म्हणालो होतो. त्यावर ते मनापासून हसले होते.

आमच्या कलशावर पाच ओळी होत्या. एक माणूस गुलामगिरीतून सुटून रोमच्या पाणीखात्यात कारकून झाला. त्याने हा कलश बायकोसाठी करवला. तिच्याशी आपलं कधी भांडण झालं नाही, असं त्याने दगडात कोरून ठेवलंय. व्हिटकरांनी ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज कापला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, मास्तर माणूस, विषयात रंगलाय.

ते गेल्यावर मी झाकण काढलं. झाकणाच्या भोकात मेण भरलेलं होतं. आत तळाशी ओंजळभर करडी राख होती, जाड रव्यासारखी एकसारखी. मी ती ट्रेमध्ये काढली आणि चिमूटभर तपासली. हाडातल्या फॉस्फेटवर एक द्रावण टाकलं की पिवळा रंग येतो. तो आला. म्हणजे जळलेलं हाड. मग मायक्रोस्कोप. जमिनीत शतकानुशतकं राहिलेल्या हाडात माती मुरते, मुळांच्या खुणा उमटतात. इथे काही नाही. सगळं स्वच्छ आणि नवं.

मी आमच्या क्युरेटर मिसेस ब्रँट यांना फोन केला. दालनाचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

"मधू, जुने डीलर बदमाश असायचे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला खरं वाटावं म्हणून रिकाम्या कलशात मेंढीची हाडं भरायचे. 'मॉडर्न' लिही आणि बॅग कर."

आमच्या धंद्यात 'मॉडर्न' ही शिवी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा चिखल आम्ही चाळून जपतो आणि कालची गोष्ट कचऱ्यात काढतो. फक्त तो कचराही लगेच फेकायचा नाही. 'वेस्ट' असं लेबल लावून वर्षभर बेसमेंटमध्ये ठेवायचा, असा नियम होता. पुढे शंका आली तर हाताशी असावा म्हणून.

नियम मला पाठ होता. पण बॅगेवर 'वेस्ट' लिहायला हात उचलेना. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी नागपूरला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी घाटावर मी स्वतः अस्थी वेचल्या होत्या आणि रामटेकला जाऊन अंबाळा तलावात सोडल्या होत्या. अस्थी म्हणजे तुकडे, एवढंच मला ठाऊक. हा तर रवा. त्यामुळे माणसाच्या नसणार, हे मी स्वतःला पटवलं. पण असल्या तर? कोण कुठला माणूस बेसमेंटमध्ये 'वेस्ट' म्हणून पडून राहायचा.

लंच अवरमध्ये मी राख कागदाच्या पुडीत घेतली आणि गाडीने सायोटो नदीवर गेलो. पुलाखाली उतरून ती पाण्यात सोडली, हात जोडले आणि परत येऊन सँडविच खाल्लं. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'डिस्कार्डेड'. मला अगदी हलकं वाटत होतं. आपण काहीतरी चांगलं केलं, असं वाटत होतं.

अमेरिकेत दहनानंतर हाडं मशिनमध्ये दळून मग घरच्यांना देतात, हे मला ठाऊक नव्हतं. इथल्या कोणीही तो ट्रे पाहून एका क्षणात ओळखलं असतं. मी कोणाला दाखवलाच नाही. फोनवर 'रव्यासारखी' म्हणणार तरी कसं? रव्याला इंग्रजीत काय म्हणतात, हेच तेव्हा आठवलं नव्हतं. 'पावडर' म्हणून मोकळा झालो.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मिसेस ब्रँट यांना सांगितलं तेव्हा त्या आधी व्हिटकरांवरच चिडल्या. "आधी बोलायला काय झालं होतं?" मग स्वतःच म्हणाल्या, "बोलले असते तर आपण कलश घेतलाच नसता." पुढे निवळल्या. "असो. बॅग आहे ना खाली? देऊन टाकू परत."

"बॅग नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्यांनी दार लावून घेतलं. "मधू, त्यांना सांग, बॅग होती, राख पुन्हा आत ठेवलीय. झाकण सील आहे, ते काही उघडून बघणार नाहीत. म्हातारा माणूस आहे. सुखाने राहू दे."

खरं सांगतो, मला ते पटलं होतं. दिवसभर मी ते वाक्य मनात घोळवत होतो. संध्याकाळी कोलंबसजवळच्या डब्लिनला घरी आलो आणि बायकोला, सुधाला सांगितलं.

"अरे, तू मुद्दाम थोडंच केलंस? बाबांचं केलं तसंच केलंस ना," ती म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, आता सांगून काय उपयोग?"

"ते म्युझियमला किती वेळा येतात?"

"दर फेब्रुवारीत येणार म्हणत होते."

"मग दर फेब्रुवारीत खोटं बोलशील? यू कॅन्ट, मधू. तुझा चेहरा बघ आत्ताच. उद्या सकाळी जा आणि सॉरी म्हण."

गेलो. व्हिटकरांनी घर मोडून नर्सिंग होममध्ये एक खोली घेतली होती. पलंग, खुर्ची, पुस्तकांचं एक कपाट. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले.

"मी आधी बोलतो," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी चोरून ठेवली तिला. इथे मी गेलो की दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करतात. मुलगी कॅलिफोर्नियात. तिच्या घरात तिची आई, डॉरथी, कपाटावर धूळ खात पडेल, पुढे कोणीतरी फेकून देईल. म्युझियम काही फेकत नाही, असं मला वाटलं. आणि लोक थांबून नाव वाचतील. नाव त्या रोमन बाईचं असेल, पण ऐकायला डॉरथी असेल." "ती तुमच्या स्टोअरमध्ये असेल तर मी परत घेऊन जातो. मला बाकी काही नको."

मी सगळं सांगितलं. बॅग, नियम, नदी. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून कपाटाकडे बघत होतो.

"नदीत," ते म्हणाले.

"आमच्यात तीच रीत आहे. बापाच्या अस्थीही मी तशाच सोडल्या. ज्यांच्यावर आमचा जीव असतो, त्यांना आम्ही पाण्यात सोडतो."

त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली. मग मास्तरांच्या शांत आवाजात म्हणाले, "रोममध्ये टायबर नदीत गुन्हेगारांची प्रेतं टाकत. ज्यांची कोणी आठवण ठेवू नये, त्यांची. मी चाळीस वर्षं मुलांना हे शिकवलंय."

मला रडू फुटलं. चाळिशीला आलेला बाप्या मी, पण त्या खुर्चीत लहान मुलासारखा रडलो.

"सोडताना काही म्हणालात?" त्यांनी विचारलं.

आमच्यात नाव घेतात, गोत्र घेतात. पण मी काहीच म्हटलं नव्हतं. "नाव माहीत नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मला तिथे घेऊन जाल?"

मी त्यांना गाडीत बसवून पुलाखाली नेलं. थंडी मरणाची होती, काठाला बर्फ धरला होता. मी जागा दाखवली. ते काठी टेकत पाण्याजवळ गेले आणि पाठमोरे उभे राहिले. काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही. मग मी त्यांना परत आणलं. मी दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत. पण मी तुम्हाला माफ करू शकत नाही. प्रयत्न करतोय."

म्युझियममध्ये ते पुन्हा आले नाहीत. फेब्रुवारीत मी वाट पाहिली. दोनदा फोन केला, ते नीट बोलले, आणि फोन ठेवला.

दीड वर्षाने एका बाईंचा फोन आला. व्हिटकरांची मुलगी. बाबा गेले, त्यांची राख माझ्याकडे आहे, तुमची मदत हवी, असं म्हणाली. मला वाटलं, कलशाबद्दल असेल. मी आधीच सांगायला लागलो की मी क्युरेटरशी बोलेन, काहीतरी मार्ग काढू.

"नाही, नाही," ती म्हणाली. "मीही तेच विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, त्या कलशात आता कोणी नाहीये. मला नदीत सोड. पण नक्की जागा तुम्हालाच माहीत आहे म्हणे."

शनिवारी सकाळी मी तिला पुलाखाली घेऊन गेलो. पाणी कमी होतं, उन्हाळ्याचे दिवस. तिच्या हातातल्या डब्यात तसाच रवा होता. ती सोडायला वाकली, तेव्हा मी म्हटलं, एक मिनिट, त्यांचं पूर्ण नाव काय? तिने सांगितलं. मी ते मोठ्याने घेतलं. मग डॉरथीचं घेतलं. तिलाही काय वाटलं कोण जाणे, तिने माझ्यामागून दोन्ही नावं पुन्हा घेतली.

व्हिटकरांनी मला माफ केलं की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलीला विचारायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी आमच्या लॅबच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवून घेतले. आत काय आहे? ते कोणाचं आहे? पहिल्याचं उत्तर मायक्रोस्कोपखाली मिळतं. दुसऱ्यासाठी देणाऱ्याला फोन करावा लागतो.