कोरड्या मातीची जागा

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून पुरतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात लिंगायत वाण्याचं घर एकच, आमचं. बाकी सगळी वस्ती कुळवाड्यांची, आणि त्यांची मसणवट नदीकाठी. आमच्या लोकांची जागा होती महाडला. कुणी गेलं तर बैलगाडीत घालून तिकडं न्यायचं, असा घरचा रिवाज.

माझ्या सासूबाई गेल्या त्या भर आषाढात. नदीला पूर होता. गाडी नदी ओलांडायच्या उतारापर्यंत गेली आणि पाणी बघून परत आली. दीड दिवस त्यांना ओटीवर भिंतीला टेकवून बसवून ठेवलं होतं. मी नवी सून. स्वयंपाकघरातून बाहेर यायची म्हटलं की त्यांच्यासमोरूनच यावं लागे. शेवटी घरामागं ओढ्याकाठी त्यांना माती दिली. भाद्रपदात ओढ्यानं काठ खाल्ला. एका सकाळी मी पाण्याला गेले तर ती जागाच नव्हती. सुरीनं कापावी तशी दरड, आणि खाली गढूळ पाणी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुपारपर्यंत तिथं उभे होते. 

पुढच्या वर्षी आषाढ सरताना जरा उघडीप पडली, तेव्हा ते मला म्हणाले, "चल, जागा बघून ठेवू."

मला सातवा महिना होता. नवरा मुंबईत एका दुकानात नोकरीला. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्यामुळं नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय तो येणार नव्हता. मी म्हटलं, "मामंजी, हे येऊ देत, दिवाळीनंतर बघू या."

"दिवाळीनंतर सगळीच जमीन चांगली दिसते. पाणी कुठून जातं ते आत्ताच कळतं. आणि मला आता नीट दिसत नाही. तुझे डोळे लागतात."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी पदर खोचून मागं निघाले.

घराशेजारी आंब्याखाली त्यांनी पहार घातली तर हातभरावर पाणी लागलं. वरच्या उतारावर गुडघ्याइतक्या खोलीवर कातळ. आमच्या वरकस, नाचणी-वरीच्या जमिनीच्या टोकाला मात्र एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली पहार सुखानं आत जात राहिली. त्यांनी मूठभर माती उचलून बोटांनी चुरली, नाकाशी नेली. "कोरडी आहे," ते म्हणाले. मग काठी टेकवत पावलं मोजली. "इथं मी. इथं तुझा नवरा. त्याच्या डाव्या अंगाला तू. आणि खाली एवढी जागा पोराबाळांना."

हे ते अगदी मायेनं म्हणाले. पण मी एकोणीस वर्षांची होते आणि पोटातलं मूल त्याच वेळी हललं.

दुसऱ्या दिवसापासून ते खोली बघायला खणू लागले. मी वरून टोपलीनं माती ओढून घेई. वाकवत नव्हतं, म्हणून ती लांब न नेता काठाशीच टाकत होते. शेजारचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला.

"शेट, हितं काय खणताय?"

"आमच्या माणसांची जागा."

"माझं खळं धा पावलांवर हाय. बायकापोरं येतात हितं. मला नाय चालायचं." माझ्याकडं बघून तो म्हणाला, "आन् गरवार बाईला हितं आणलंत?"

मामंजी खणतच राहिले. तो बडबडत निघून गेला. मला त्याच्यामागं पळत जावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खड्डा छातीइतका झाला. मामंजी म्हणाले, "बसून बघतो." आणि ते खरंच खाली मांडी घालून बसले. हात मांडीवर, डोळे मिटलेले. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, अगदी तसेच. मी ओरडले, "उठा! मामंजी, उठा!"

तेवढ्यात सर आली. मी काठावर टाकलेला ढीग भिजला आणि एकदम खाली सरकला. ते कमरेपर्यंत गाडले गेले. उठायला बघत होते, पण पाय निघेनात. मी आडवी पडून हात दिला. त्यांनी तो धरला, आणि मीच खाली ओढली जाऊ लागले. तेव्हा त्यांनी आपणहून हात सोडला.

"तू जा," ते म्हणाले. "पोट सांभाळ."

मी पळाले. तो शेजारचा शेतकरी बायकोबरोबर खालच्या खाचरात लावणी करत होता. मला धड बोलता येईना. नुसतं वर बोट दाखवत राहिले. तो चिखलातून तसाच धावला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं हातांनी माती उपसली, मामंजींच्या काखेत हात घालून त्यांना वर काढलं. मामंजी थरथरत होते. त्याच्या बायकोनं मला कवेत घेतलं. "रडू नको गो, जित्ता हाय तो," ती सारखी म्हणत होती.

शेजारी धापा टाकत खाली बसला. मग म्हणाला, "शेट, पुरा हितं. माझं काय म्हणणं नाय. पण मेल्यावर. जितेपणी असलं नको."

नवरा आला तो गौरी-गणपतीला. मामंजींनी त्याला जागा दाखवायला नेलं. परत आल्यावर तो मागच्या दारी माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानं विचारलं, "तुला फार भीती वाटली?"

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली. सगळं सांगितलं, ढीग मी काठाशी टाकला होता तेही.

तो मग म्हणाला, "मलाही वाटते. तिकडं खोलीत आम्ही अकरा जण राहतो. तापानं पडलो की मनात येतं, इथंच काही झालं तर हे लोक मला कुठं नेतील? आमच्यातलं तिथं कुणीच नाही." त्यानं ऐनाच्या दिशेनं पाहिलं. "आता निदान एक जागा ठाऊक आहे."

त्याला त्या जागेनं धीर आला होता. मला आला नाही. त्या रानात मी पुढं कधी एकटी गेले नाही. आश्विनात मुलगी झाली, धडधाकट. मामंजी आणखी सहा वर्षं जगले आणि पौषात, कोरड्या दिवसांत गेले. महाडची वाट उघडी होती, तरी त्यांना ऐनाखालीच ठेवलं. शेजाऱ्यानं स्वतः खड्डा खणला आणि माती दूर, उताराच्या खालच्या अंगाला टाकली.