नॉर्वे एकदम वर कसा?

माधव नगरच्या मंगला दिवेकरांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. रेल्वेतून रिटायर झालेल्या त्यांच्या यजमानांचा, प्रभाकररावांचा, माशांशी संबंध शिप्रा नदीत कणकेच्या गोळ्या टाकण्यापुरता. म्हणून इंदूरहून भाचीचा, गौरीचा, फोन आला तेव्हा दोघंही हसत सुटली.

"मावशी, हात प्लास्टरमध्ये आहे गं. ऑफिसचा एक तक्ता तपासून दे. कुठला देश किती जंगली सॅल्मन आणि ट्राउट पकडतो, त्याचा."

"जंगली? म्हणजे वाघासारखे?"

"नदी-समुद्रातले! पिंजऱ्यात पाळलेले नाही धरायचे."

मंगलाताई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. चष्मा चढवून त्या आकड्यांवर बसल्या त्या उठेचनात. संध्याकाळपर्यंत घरात चक्क दोन टीमा पडल्या. त्या अमेरिकेकडून, प्रभाकरराव रशियाकडून.

"दोन हजार तेरा! अमेरिका पुढे!"

"अगं, अठरा बघ की! रशियाने धूळ चारली तुम्हाला!" प्रभाकररावांनी टाळी वाजवली. "जपान तर बिचारा घसरतच चाललाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मंगलाताई एका ओळीवर अडल्या. इतकी वर्षं तळाशी बसलेला नॉर्वे एका झटक्यात दहा लाख टनांच्या पार, दोघांच्याही डोक्यावर.

"अहो, एका वर्षात माशांना जुळी-तिळी झाली की काय? काहीतरी गडबड आहे."

त्यांनी गौरीला फोन लावला. तिने मूळ कागद उघडले आणि ती किंचाळलीच. "मावशी! पाळलेले मासे घुसलेत यात! उद्या हे छापायला जाणार होतं!"

तासाभरात गौरीच्या साहेबांचाच फोन. "मॅडम, हमारे चार लोगों ने देखा था, किसी को नहीं दिखा. पुढचं पानही आपणच बघाल का?"

"बघते ना," मंगलाताई ऐटीत म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघरात चक्क गिरकी घेतली. गुडघा कुरकुरला, पण कोण ऐकतंय!

रविवारी टावर चौकात पोहे खातानाही वाद चालूच. "रशिया!" "अमेरिका!" पोहेवाला झारा हातात धरून विचारता झाला, "माताजी, कौन-सा मैच चल रहा है?"

"मछली का, भैया!"

त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. शेजारच्या बाकावरचे दोन कॉलेजकुमार रशियात गेले, एक भाजीवाली अमेरिकेत, आणि पोहेवाल्याने जपानची बाजू घेतली, "क्योंकि उसका कोई नहीं है."

प्रभाकररावांना हसता हसता ठसका लागला. मंगलाताईंनी त्यांच्या पाठीवर थापटलं, स्वतःचे डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी जिलबी सांगितली, जपानला दोन जास्त.