मैनीचा वर गेलेला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझं काहीही आपल्यापासून लपत नाही असं बायकोला वाटतं, पण हे लपलं.

मी गणिताचा मास्तर. एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत बरीच वर्षं काढली. आता गडचिरोलीला शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो. विषय भारदस्त आहे — गणित शिकवताना भावनिक आणि आध्यात्मिक बुद्धिमत्ता. लोक माना डोलावतात. बोलायला मी पहिल्यापासून पटाईत आहेच.

माझी एक पद्धत तिथं फार गाजते. शाळेत तास सुरू होण्याआधी सगळ्या मुलांनी डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मग मी हळूच विचारायचो — कालचं कुणाला समजलं नाही? हात वर करा, कोणी पाहत नाही, कोणी हसणार नाही. पद्धत चांगलीच आहे हो. फक्त वर्गात एकाचे डोळे उघडे असायचे, माझे. मुलांना ते ठाऊक होतं. तरी हात वर यायचे, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

नववीत मैनी होती. माडिया आदिवासी मुलगी, घरी मराठी नाही आणि वर्गात तोंडातून शब्द नाही. कितीतरी महिने तिचा हात मांडीवरच. मग एका सकाळी, बीजगणिताच्या तासाला — आला. आधी खांद्यापर्यंत, मग पूर्ण. मला काय वाटलं सांगू? मला भरून आलं. त्यानंतर ती रोज हात वर करायची आणि मी तिला पुन्हा समजावायचो. ती शिकत होती, खरंच शिकत होती.

आणि मग मी काय केलं? सांगतो. टाळतोय, कळतंय मला.

दहावीचा निकाल म्हणजे शाळेची अब्रू. ती राखायची एक युक्ती आमच्यात सगळ्यांना माहीत होती, बोलत कोणी नसे — कच्ची मुलं नववीतच नापास करून अडकवायची. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. "गणितात निकाल कोण पाडंल, तुमाले तं माहीत असंल न?" होतं ना माहीत! डोळ्यांसमोर ते वर आलेले हातच आले. मी नावं सांगितली, मैनीचं सगळ्यांत आधी. ज्यांनी कधीच हात वर केला नाही, ते सुटले. ते काय हुशार होते? मुळीच नाही. मैनीचा पेपर काठावरचा होता. काठावरच्या बाकीच्यांना मी दोन-चार गुण वाढवून पास केलं. तिला नाही.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर होता, तरी काम टाकून आले होते. मैनी त्यांच्या मागे उभी.

"सर, पोरगी म्हणते, तिनं हात वर केला म्हणून तिले नापास केलं. खरं हाय काय?"

मी नाही म्हणालो. तेवढ्यावर तरी थांबायचं होतं. पण मुलीच्या देखत पकडला गेलो होतो, आणि घाबरलो — एका शेतकरी बापाला, ज्यानं आवाजसुद्धा चढवला नव्हता. मी म्हणालो, पेपर कोरा सोडला हो तिनं, मी तरी काय करणार?

वडील तिच्याकडे वळले. माडियात काहीतरी कडक बोलले. मग माझ्यासमोर हात जोडले.

"माफ करा सर. शाळेत येऊन पोरगी खोटं बोलाले शिकली. आता घरीच राहू द्या तिले."

मैनी त्यांच्या मागून निघाली. अजून वेळ होता — ते फाटकापर्यंत सावकाश चालत गेले, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती पुन्हा शाळेत आली नाही.

त्यानंतर माझ्या वर्गात हळूहळू हात वर यायचे थांबले. प्रशिक्षणात मी सांगतो की मुलांची भीती पार गेली, शेवटी एकही हात वर येईना. त्यावर टाळ्या पडतात, आणि मी त्या घेतो.

मैनीचा पेपर कोरा नव्हता. शेवटच्या पानापर्यंत तिनं गणितं सोडवली होती. तो मीच तपासला होता.