मेहनत बंद

माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, जन्मात दोनच गोष्टी नेटाने केल्या, तालीम आणि हमाली. त्यातल्या एकीलाच ते मेहनत म्हणायचे. पहाटे तालमीत जोर-बैठका मारल्या की ती मेहनत. दिवसभर जालन्याच्या कापसाच्या जिनात सरकीची पोती पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, ते नुसतं काम. आमच्या घरात सगळेच असं बोलायचे. मेहनत झाली का, असं पैलवानाला विचारतात. बैलाला कोण विचारतं?

चाळिशी उलटली, छातीत कळ यायला लागली आणि दादांनी तालीम सोडली. त्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण तालमीवरचा रस्ता टाळून ते लांबून जिनात जायला लागले. कळ मात्र जाईना. फळी चढताना ते मध्येच थांबतात, असं शेजारणीने मायला सांगितलं. तेव्हापासून मायचा एकच धोशा, पोती सोडा, जिनातच राखणदारी मागा. दादा हसून उडवून लावायचे. बायकोचं ऐकतील तर ते पैलवान कसले!

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. हैदराबादेकडचे एक डॉक्टर आमच्या मोहल्ल्यात आले. कुणाच्या अंगाला कष्ट किती आणि छातीचं दुखणं कुणाला, याचा मेळ लावायला ते एकेकाला बोलावून विचारत होते. मायला देव भेटल्यासारखं झालं. डॉक्टर सांगतील तर हे ऐकतील, एवढीच तिची आशा. ती पुरुषांत जायची नाही, म्हणून तिने मला बरोबर धाडलं. दादा धुतलेलं धोतर नेसून, पांढरा पटका बांधून निघाले. डॉक्टरांनी धंदा विचारला तेव्हा जिनात असतो म्हणाले. जिनात मुनीमही असतात, आणि त्या दिवशी दादांचा थाट मुनीमाला लाजवील असा होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, "मेहनत करून राह्यले का अजून?"

दादांची मान खाली गेली. "न्हाई साहेब. बिलकुल बंद."

परक्या माणसापुढे हे कबूल करताना त्यांचा आवाज फाटला. तो मला अजून ऐकू येतो. मला त्यात काही खोटं वाटलं नाही, खोटं नव्हतंच. डॉक्टर मात्र खूश झाले. बराबर केलं म्हणाले, आता जसं चाललंय तसंच चालू द्या.

घरी येऊन दादांनी ते मायला शब्द न् शब्द ऐकवलं. मायने राखणदारीचा विषय सोडला. एवढ्या मोठ्या डॉक्टरपुढे तिचं काय चालणार? त्याच हंगामात, पाठीवर पोतं असताना, दादा फळीवर बसले ते उठलेच नाहीत.

पुढच्या साली तेच डॉक्टर चौकशीला आमच्या दारात आले. दादा गेल्याचं ऐकून त्यांना खरोखरच नवल वाटलं. एवढ्या आरामात असलेला माणूस असा कसा गेला, असं ते मायला विचारू लागले. पदर सावरून ती उंबऱ्याशी उभी होती. त्यांना खोटं पाडायचं तिच्या मनातही नव्हतं.

"मेहनत तर बंदच होती, साहेब. पोती तेवढी उचलत होते."

बोलता बोलता मेहनत हा आपलाच शब्द मायच्या कानावर पडला, आणि ती उंबऱ्यावर मटकन खाली बसली.