तिसऱ्या मणीचं पोस्टर

आमच्या ह्यांना सगळं तंजावूर शिरस्तेदार वेंकटराव म्हणून ओळखतं. पण कोर्टातून रिटायर झाल्यापासून ह्यांचं खरं काम एकच, गेलेल्या माणसांची पोस्टरं लिहून देणं. आमच्याकडे कुणी गेलं की भिंतीवर पोस्टर लागायलाच हवं. वर ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची अंजली, मधे फोटो, आणि खाली दुःखात बुडालेल्यांची नावं. ती नावंच खरी भानगड. एखाद्या चुलत जावयाचं नाव राहिलं की दोन पिढ्या बोलणं बंद! म्हणून आमच्या वीदीत, म्हणजे गल्लीत, कुणी गेलं, की डॉक्टरकडून निघालेली माणसं थेट आमच्या दारात. हे चष्मा चढवणार, कागद पुढे ओढणार आणि विचारणार, “थोरल्या सुनेचं माहेर धरायचं का?” ह्यांच्या हातून आजवर एक नाव सुटलेलं नव्हतं. त्याची केवढी ती मिजास!

दुसरं वेड कुत्र्यांचं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा पहिला मणी होता. तो गेला, दुसरा आला, त्याचंही नाव मणी. तिसऱ्याचंही तेच. मी म्हटलं, अहो, नावांचा दुष्काळ पडलाय का? तर म्हणाले, “आपल्या राजांची नावं बघ. शरभोजी पहिले, शरभोजी दुसरे. कुणी नावं ठेवली?” कपाळ माझं!

तिसरा मणी बारा वर्षं होता. करडा, एक कान उभा, एक पडलेला. येणाऱ्याला कधी काही करायचा नाही, निघालेल्या माणसावर मात्र भुंकायचा. केबलवाला तार ओढायला आला, दोन तास मणीच्या शेजारी बसून काम केलं बिचाऱ्यानं, आणि जायला निघाला तर ह्यानं त्याची लुंगी धरून ठेवली. समोरच्या शेषम्मांच्या गच्चीवर वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, तर तो पगार असल्यासारखे रोज उचलायचा. आमची लेक साईप्रिया कॉलेजला निघाली की बस येईपर्यंत तिच्याबरोबर उभा राहायचा. मला विचाराल तर मला कुत्र्याबित्र्याचं काही नाही. सोवळ्याओवळ्याचं घर, मी त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. दहीभात तेवढा मी कालवायचे, कारण ह्यांनी कालवला तर गोळे राहतात आणि तो तोंड लावत नसे.

पंचाण्णव सालची गोष्ट. साईप्रियाची दोन स्थळं मोडली होती, एक पत्रिकेवरून, एक उंचीवरून. तिसरं पापनाशमचं आलं. तुळजाजीराव म्हणून भातशेतीवाले, आपल्यातलेच. मुलगा कार्तिकेय मद्रासला कंप्यूटर कंपनीत, आणि फेब्रुवारीत कंपनी त्याला परदेशी पाठवणार. पत्रिका जुळली. रविवारी मुलगी बघायला येतो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी मार्गळी महिना लागणार होता, आणि मार्गळीत आमच्याकडे लग्नाचा शब्दसुद्धा कुणी काढत नाही. म्हणजे त्या आठवड्यात ठरलं नाही तर गोष्ट पोंगलपलीकडे, आणि मग लग्न कधी, मुलगा जाणार कधी? मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

आणि त्या बुधवारी दुपारी मणी दारात पडल्या पडल्या गेला.

परसात नारळाखाली त्याला पुरलं. साईप्रिया रडून रडून लाल झाली. ह्यांच्या डोळ्यांत टिपूस नाही. हात धुतले, चष्मा चढवला, आणि कागद घेऊन बसले. मला वाटलं कोर्टाचं काही जुनं असेल.

शुक्रवारी सकाळी दूध आणायला गेले तर बूथच्या भिंतीवर मणी! आता ऑफसेट आलंय ना, चांगला रंगीत, एक कान उभा, एक पडलेला. खाली लिहिलेलं, ‘आमचे अत्यंत प्रिय तिसरे मणी पहिल्या व दुसऱ्या मणींच्या पाठोपाठ आम्हांस सोडून गेले.’ त्याखाली ह्यांचं नाव, माझं नाव, साईप्रियाचं नाव. इथवर मी सोसलं असतं. शेवटची ओळ वाचली आणि हातातलं भांडं पडलं. ‘व्याही: तुळजाजीराव, राजलक्ष्मी, चिरंजीव कार्तिकेय, पापनाशम.’

घरी येऊन मी असं काही तोंड सोडलं की शेजारचा रेडिओ बंद झाला. “अहो, व्याही कुठले? अजून मुलगी बघितली नाही त्यांनी! आणि नाव घातलंत ते कुत्र्याच्या पोस्टरात?”

“उद्या ठरलं आणि नाव नाही दिसलं तर काय म्हणतील?” हे शांतपणे म्हणाले. “शिरस्तेदारानं आम्हांला वगळलं म्हणतील.”

“आधी जाऊन सगळी फाडून या!”

बादली घेऊन गेले. तासाभरानं आले ते मान खाली घालून. मला वाटलं पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप! वाटेत शेषम्मांनी गाठलं होतं. “बारा वर्षं माझे वडाम खाल्ले त्यानं, आणि माझं नाव नाही?” असं म्हणून त्या भर रस्त्यात रडल्या म्हणे. आयुष्यातलं पहिलं नाव सुटलं होतं. त्या दुःखात पोस्टरं फाडायची राहूनच गेली. वर प्रेसवाल्यानं एक पापनाशमच्या बसच्या पाठीवर चिकटवलं होतं. म्हणजे मणी आमच्या आधी व्याह्यांच्या दारी पोचला!

रविवारी मी पहाटेपासून सोज्जी, म्हणजे रव्याचा शिरा, ढवळली, बज्जीचं पीठ भिजवलं. मुलगी बघायला आले की आमच्याकडे हे दोन पदार्थ हवेतच. साईप्रियाला जांभळं रेशमी नेसवलं, डोळ्यांखाली पावडर लावली. मनात एकच, पोस्टर त्यांच्या नजरेला पडू नये.

आले. राजलक्ष्मीबाई साध्या सुती साडीत, केसांत फूल नाही. फळं नाहीत, विडा नाही. तुळजाजीरावांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला गुलाबांचा हार. आत येऊन त्यांनी इकडेतिकडे बघितलं, भिंतीवर मणीचा फोटो दिसला, त्याला हार घातला आणि हात जोडून उभे राहिले. मुलगाही. मग खाली चटईवर बसले.

मी बशा आणल्या. “नको,” राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. कॉफी? नको. पाणी तरी? मान हलवली.

“कसं झालं?” तुळजाजीरावांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी कोर्टात सांगावं तसं, तारीखवार. कार्तिकेय खाली बघून ऐकत होता. मग त्यानं हळूच साईप्रियाला विचारलं, “शेवटी काही खाल्लं का?”

“नाही,” ती म्हणाली. “अम्माच्या हातचा भातसुद्धा नको म्हणाला.” आणि पावडरबिवडर सगळी वाहून गेली. मी आत निघून गेले, तेल तापलं होतं.

अर्ध्या तासानं तिघं उठले आणि निघाले. ‘येतो’ म्हणाले नाहीत, मुलीबद्दल अवाक्षर नाही. दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत हे मला का ठाऊक नाही? पण ते घरातलं माणूस वारल्यावर! माझं रक्त उसळलं. “बघितलंत? घरात येऊन टोमणा मारून गेले! सुती साडी काय, हार काय! उद्या सगळ्या पापनाशमला हसवतील.”

“चांगली माणसं आहेत,” हे म्हणाले.

“चांगली? मुलीचं तिसरं स्थळ घालवलंत कुत्र्यापायी!” बोलू नये ते बोलले मी. बज्ज्या शेषम्मांकडे पाठवून दिल्या आणि पांघरूण घेऊन पडले. हे ओसरीवर बसून नवीन पोस्टराचा मजकूर लिहीत होते, शेषम्मांच्या नावासकट.

सोमवारी सकाळी फोन वाजला. आमच्याकडे फोन लागून तीनच महिने झाले होते, वाजला की सगळे धावायचो. ह्यांनी उचलला. तुळजाजीराव इतक्या मोठ्यानं बोलतात की मला शेजारी उभी राहून सगळं ऐकू येत होतं.

“राव, काल विचारणं बरं दिसलं नसतं. तुमचं मन दुःखी, आम्ही मुलीचं काय बोलणार? मुलाला पसंत आहे, हिलाही आहे. नाव तर तुम्ही आधीच घातलंत, आता मागं कसं फिरायचं?” मोठ्यानं हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, “एक सांगा. कुत्र्याचं सुतक किती दिवस धरतात तुमच्यात? आमच्याकडे कधी कुणी धरलं नाही, म्हणून माहीत नाही. रविवारी मार्गळी लागते. काही धरायचं नसेल तर परवाच साखरपुड्याचं ताट घेऊन येतो. धरायचं असेल तर मग पोंगल झाल्यावर.”

इतकी वर्षं लोकांच्या दुःखाला शब्द देणारा माणूस, पण ह्यांच्या तोंडून आवाज फुटेना. ओठ हलत होते, चष्म्याखालून पाणी गळत होतं, पांढऱ्या मिशा भिजल्या. त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

आता मला एवढंच म्हणायचं होतं, अहो, कुत्र्याचं कसलं धरायचं, परवाच या. साईप्रिया दाराशी उभी होती. मुलगा फेब्रुवारीत जाणार होता. जीभ वळवळत होती माझी, देवाशप्पथ.

“तेरा दिवस,” मी म्हटलं. “आमच्यात तेराच धरतात.”